किती लेकरं, किती बाळंतपणं

निर्मल
१४ नोव्हेंबर २०२४

साक्षीस प्रितमचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं आणि आज दिवाळी होऊन दोन आठवडे झाले. आळस केला, दुसरं काही नाही. ताप आला होता असं लिहिणार होतो, पण तू आता इंटरला, म्हणजे अकरावीला, आरोग्याचा कोर्स घेतला आहेस, कोणता ताप किती दिवस राहतो ते तुला माहीत. म्हणून तीही सोय गेली. पत्र शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो. एकदा शर्टासोबत धुतलं गेलं. सातव्या प्रश्नापासून पुढची शाई पसरली आहे, तेवढे प्रश्न पुन्हा लिहून पाठव.

मी सध्या निर्मलला आहे. लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात घासकाम करतो. पोनकीचं लाकूड इतकं हलकं असतं की हातात धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही. परवा रंगवलेली लाकडी सीताफळं उन्हात वाळत ठेवली होती तर एक खार आली, एक सीताफळ चावून पाहिलं, थुंकली, आणि दुसरं चावून पाहिलं. मग तिसरं. मी अर्धा तास काम सोडून तिच्याकडंच पाहत होतो. मालक ओरडले. खारीला असं काऊन वाटलं असेल की पुढचं तरी खरं निघेल? तुमच्या पुस्तकात आहे का हे?

तर काम. वसतिगृहात फोन चालत नाही, सुट्टी मिळत नाही, आणि वहीत आपल्याच घराण्याच्या तीन पिढ्यांचा तक्ता काढायचा आहे, म्हणून तू या भटक्या मावसभावाला धरलंस. मी सांगवीला जाऊन आलो. आजी ओसरीत बसली होती. मी वही काढली तर म्हणते, "रेशनचं नाव कटलं काय रे?"

"नाई आजी, साक्षीच्या अभ्यासाचं हाये. तुले लेकरं किती?"

"तीन. तुहा देवाजी मामा, साक्षीची आई आशा, अन् तुही आई. चौथी तू पाह्यली काय?"

"घरात काही बिमारी?"

"बिमारी कायची? म्हातारपन हाये, ते बिमारीत लिव्हतेत काय?"

मी लिहिलं, बिमारी नाही. मामाचा जन्म १९७१, आशामावशी १९८०, माझी आई १९८३. आजा वारला तेव्हा साठीचा होता, पडून वारला. आणि तू विचारलंस ना, लग्न नात्यात झालं का? तर आजा म्हणजे आजीच्या आत्याचाच पोरगा. आता नागसेनचंही तसंच. तुझ्या सख्ख्या भावाचं तुला काय सांगायचं, पण लिहितो म्हणजे तक्ता पुरा होईल: नागसेन, वय पंचवीस, मावल्याच्या शाळेत कारकून, लग्न ठरलं देवाजी मामाच्या प्रीतीशी, तारीख २ फेब्रुवारी. सहा वर्षांपासून दोघं एकमेकांना पाहून लाजून राह्यले, आता एकदाचं होऊन जाऊ दे.

एक विचारायचं होतं. पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल, हे कोणी ठरवलं? आपली मामी तर चारही बाजूंनी चौकोन आहे.

तुझा
प्रितम


बेल्लमपल्ली
२१ नोव्हेंबर २०२४

प्रितमदादा, जयभीम.

तुझं पत्र मिळालं. वॉर्डन मॅडम सगळ्यांची पत्रं उघडून पाहतात, पण त्यांना मराठी येत नाही. तू कोपऱ्यात खार काढली आहेस ती पाहून "इदि एमिटि?" हे काय, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावची पद्धत आहे. आता दर पत्रात काहीतरी काढत जा, नाही तर संशय येईल.

मामीबद्दल लिहिलंस ते वाचून हसले आणि मग भीती वाटली की पत्र मामीच्या हाती लागेल.

इथं मजा आहे दादा. काल आम्ही खाणकामगारांच्या क्वार्टर्समध्ये गेलो होतो, बीपी मोजायला. एक रिटायर झालेले आजोबा होते, त्यांनी आधी माझंच मोजा म्हणून हात पुढं केला, मग बायकोला हाक मारली, मग शेजाऱ्याला. शेवटी त्यांनीच सगळ्यांना रांगेत बसवलं. स्टेथोस्कोप कानाला लावला की माणसाच्या आत केवढा आवाज चालू असतो ते कळतं, आणि वरून ते बाजारभावावर बोलत असतात! दहावीपर्यंत मराठीत शिकले, आता शरीराचे सगळे भाग तेलुगू-इंग्रजीतून पाठ करते. रात्री झोपेत 'गुंडे गुंडे' म्हणत होते म्हणे, म्हणजे हृदय. बाजूची पोरगी म्हणाली, तुला कोण गुंडे दिसले?

आता कामाचं. तुझ्या तक्त्यात एक भोक आहे. मामा १९७१, आई १९८०. मधे नऊ वर्षं. त्या काळात नऊ वर्षं कोण थांबत होतं? मी आम्हाला शिकवणाऱ्या हेमलता मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझ्या भावाचा प्रश्न चुकला. जुन्या बायांना "लेकरं किती" विचारलं की त्या जिवंत आहेत तेवढीच मोजतात. गेलेली मोजणं त्यांना बरं वाटत नाही. म्हणून आरोग्याच्या कामात "बाळंतपणं किती" असं विचारायचं. मग एकेक विचारायचं: पहिल्याचं काय, दुसऱ्याचं काय.

तर तू पुन्हा जा. आई भेटायला आली होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, ती "काही नव्हतं" एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. आजीला एकटीला गाठून विचार. मामी नसताना.

हे सगळं मार्कांसाठी आहे, दुसरं काही नाही. पण लवकर जा.

साक्षी

ता.क. सातवा प्रश्न: लहानपणी हातपाय सुजणं, डोळे पिवळे होणं, थंडीत सांधे दुखणं असं कोणाला होतं का?


सांगवी
६ डिसेंबर २०२४

साक्षी,

या वेळी मी पत्र मिळाल्यापासून फक्त अकरा दिवस लावले, हे लक्षात घे. निर्मलचं काम सोडलं. घासून घासून नाकात भुसा, आणि एक टेम्पोवाला ओळखीचा निघाला, तो म्हणाला सांगवीपर्यंत सोडतो. वाटेत दोन ठिकाणी उतरलो ते सांगत बसत नाही. एका ठिकाणी बोअर मारणं चालू होतं, जमिनीतून आधी तांबडी माती येते, मग पांढरी, मग एकदम काळा चिखल. किती वेळ पाहिलं तरी कंटाळा येत नाही. असो.

आजी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मामी दळणाला गेली होती. मीही सोलायला बसलो. बऱ्याच वेळानं म्हटलं, "आजी, बाळंतपणं किती झाली वं तुही?"

आजीचा हात थांबला. "हे तुले कोनं शिकवलं इचाराले?"

"साक्षीच्या मॅडमनं."

"पोट्ट्याच्या तोंडी शोभत नाई." मग पुन्हा सोलायला लागली. दोन-चार शेंगा झाल्या. "पाच," म्हणाली.

मला कधी नव्हे ते नुसतं सोलत राहायचं सुचलं.

"देवाजीच्या पाठीवर गौतमी. मंग भारत. गौतमी चार वर्साची होऊन गेली. भारत सहाचा. दोघायचं सारखंच. थंडी लागली का हात असे फुगे, पुरीसारखे. बोटं दुमडता ये नाई. डोये पिवये. रडे तं असा रडे का शेजारचे उठून येत. मी राखड बांधली, हळद बांधली, आदिलाबादले नेलं, कावीळ झाली म्हनत. तुहा आजा म्हने बाहेरचं हाये. म्या म्हंटलं बाहेरचं असतं तं देवाजीले काऊन नाई?"

भारत गेला त्या दिवशी आजा कामावर होता. मामा बारा वर्षांचा. त्यानं भारतला पाठीवर घेतलं आणि बसच्या रस्त्यापर्यंत पळत गेला. बस आली तोपर्यंत काम झालं होतं. आजी म्हणाली, मामानं बसवाल्याला सांगितलं की भाऊ झोपला आहे, आणि तसाच दवाखान्यापर्यंत घेऊन गेला. त्यानंतर घरात त्या दोघांचं नाव कोणी घेत नाही.

आजीनं विचारलं, "लिव्हलं काय त्यायचं नाव?" मी म्हटलं, लिहिलं. "दाखव." तिला वाचता येत नाही, पण दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

तर हे घे तुझं भोक भरलं. कारण: कावीळ. पाणी खराब असणार, तेव्हा गावात विहिरीचंच पाणी होतं, आता मामाच गावच्या टाकीवर कामाला आहेत, नळाचा वॉल सोडतात. तू 'दूषित पाण्यानं कावीळ, दोन बालमृत्यू' असं लिहून टाक, पूर्ण मार्क मिळतील. हात सुजणं मात्र मला नाही समजलं. काविळीत हात सुजतात का?

खाली बोअरची गाडी काढली आहे, वॉर्डन मॅडमसाठी.

प्रितम


बेल्लमपल्ली
१२ डिसेंबर २०२४

दादा,

मी तुझ्याशी खोटं बोलले. हे मार्कांसाठी नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आमचं रक्ताचं प्रॅक्टिकल झालं. प्रत्येकीनं आपल्याच बोटातून रक्त घ्यायचं, औषधाच्या नळीत दोन थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागं एक कार्ड धरतात, त्यावर काळ्या रेघा असतात. नळीतून रेघा दिसल्या तर ठीक. सगळ्या पोरींना दिसल्या. मला दिसेनात. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मॅडमनी पाहिलं, त्यांनाही दिसेनात. ताकासारखी गढूळ नळी. दुसऱ्यांदा केली, तीही तशीच. उटनूरची एक पोरगी आहे, तिची माझ्यासारखीच आली. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत बसलो.

मग मोठ्या तपासणीचा रिपोर्ट आला. सिकलसेल. पण मी बिमार नाही. मी वाहक आहे. म्हणजे असं, की रक्ताचा प्रत्येक गुण आपल्याला दोनदा मिळतो, एकदा आईकडून आणि एकदा बापाकडून. माझा एक बरोबर आहे, एक बिघडलेला. एक बरोबर असला की काम चालतं. मी धावते, कबड्डी खेळते, दोन वेळा भात मागून खाते, मला काहीच होत नाही. कार्ड मिळालं आहे, अर्धं पांढरं, अर्धं पिवळं. पण दोन्हीकडून बिघडलेला आला की रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात. मग हात सुजतात. डोळे पिवळे होतात. थंडीत जास्त.

तुझं पत्र मी जेवणाच्या रांगेत वाचलं आणि ताट तसंच ठेवून आले. ती कावीळ नव्हती दादा. पाण्याचा काही दोष नव्हता. आजी आणि आजा दोघंही वाहक असणार, आते-मामेची भावंडं होती ना. म्हणजे मामा, आई, मावशी, कोणीही वाहक असू शकतं.

आता ऐक. मागच्या रविवारी नागसेनदादा भेटायला आला होता, लाडू घेऊन. मी त्याला मॅडमकडं नेलं. त्याची नळी पाहिली. गढूळ. त्यानं विचारलं, "मंग प्रीती?"

तेच. प्रीती मामाची पोरगी. तीही वाहक निघाली तर त्यांच्या प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक वेळ तेच होऊ शकतं, जे गौतमी आणि भारतचं झालं. लग्न मोडायचं नाही. मॅडमनी तीनदा सांगितलं, लग्न करायचं की नाही हे त्या दोघांचं. पण आधी माहीत असलं तर दिवस राहिल्याबरोबर तपासता येतं, बाळ झाल्याबरोबर औषधं सुरू करता येतात. माहीत नसलं तर परत हळद बांधत बसायचं.

लग्नाला सात आठवडे आहेत. प्रीतीची एक साधी तपासणी, बस. तू सांगवीतच आहेस तर प्रीतीला एकटीला सांग. मामाला आत्ता नको. नीट सांग, मी लिहिलं तसंच.

साक्षी


सांगवी
२६ डिसेंबर २०२४

साक्षी,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. लिहायला लाज वाटून राह्यली.

तुझं पत्र माझ्याजवळ नव्हतं. ज्या शर्टात होतं तो मावल्याला आईकडं राहिला. मी म्हटलं, काय त्यात, मला समजलं आहे सगळं. प्रीती शाळेत शिकवून बसनं येते, मी स्टँडवर थांबलो. तिथं एक माणूस माकडाला सायकलवर बसवून घेऊन चालला होता. माकड हँडल धरून! मी त्याच्याशी बोलत राहिलो आणि प्रीती आली तेव्हा सुरुवात कुठून करायची तेच डोक्यातून गेलं. म्हणालो, "प्रीती, नागसेनला पिवळं कार्ड मिळालं आहे. अर्धं. म्हणजे अर्धी कावीळ. त्याच्या मामाला नको सांगू."

ती म्हणाली, "त्याचे मामा म्हणजे माझे बाबाच ना?"

आणि रडायला लागली. घरी पोचेपर्यंत थांबलीच नाही. मामीनं विचारलं, तिनं सांगितलं. संध्याकाळी मामा वॉल बंद करून आले, सायकल भिंतीला लावली नाही, आडवी टाकली.

"काय रे प्रित्या, पोरगा अर्धा बिमार हाये?"

"नाई मामा, बिमार नाई, अर्धं कार्ड..."

"मंग आशीनं सांगतलं काऊन नाई? सख्खी बहीन हाये मही. आजारी पोरगा मह्या गळ्यात मारून राह्यली, अन् वरून मह्या पोरीचं रक्त पाह्यते?"

मामी म्हणाली, "पोरीचं रक्त तपासलं म्हनून गावात फुटलं ना, तं हिच्या मागच्या लहानीलेही कोनी इचारनार नाई. काय खोट हाये म्हनतीन."

मी म्हटलं, "मामा, गौतमी अन् भारतलेही हेच..."

साक्षी, मामा माझ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "भायेर हो."

मी झालो बाहेर. दोन दिवस पंढरीच्या घरी झोपलो, तो माझ्या दहावीच्या वर्गातला. आशामावशीचा मला फोन आला, पण ती जे बोलली ते पत्रात लिहिता येत नाही. मंडपवाल्याला मामानं थांबायला सांगितलं आहे. मोडलं म्हणाले नाहीत, पण होणार असंही म्हणत नाहीत.

मला माफ कर. माझ्या तोंडात एक गोष्ट सरळ आत जाते आणि वाकडी बाहेर येते. तू संक्रांतीला येशील तेव्हा तूच सांग. तुला येतं ते.

आज चित्र नाही काढत.

प्रितम


बेल्लमपल्ली
१८ जानेवारी २०२५

दादा,

मलाही नाही आलं.

तू कुठं होतास संक्रांतीला? बेल्याच्या बाजारात कोणीतरी तुला रसवंतीवर पाहिलं म्हणे. तुझा राग येतो, पण आता माझाही तेवढाच येतो, म्हणून सांगते.

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. "तुले शिकाले पाठवलं, घर मोडाले नाई," एवढं एक वाक्य बोलली, तेही चुलीकडं पाहून. नागसेनदादा मध्ये पडला, म्हणाला मीच माझ्या इच्छेनं तपासलं. तर त्याच्याशीही बोलणं बंद.

मी आणि नागसेनदादा सांगवीला गेलो. मामी दारातच होती. बसा म्हणाली, चहा दिला, म्हणजे तेवढं ठीक. मला वाटलं, साध्या भाषेत सांगितलं तर कळेल. मॅडमनी शिकवलंच आहे, समोरच्याच्या घरातल्या वस्तूनं समजवायचं. मी प्रीतीच्या हातातल्या दोन बांगड्या काढून घेतल्या. म्हटलं, मामी, असं समज, प्रत्येकाला रक्ताच्या दोन बांगड्या मिळतात, एक आईची, एक बापाची. एक फुटकी असली तरी दुसरीनं हात भरलेला दिसतो. पण नवरा-बायको दोघांकडंही एकेक फुटकी असली, आणि बाळाच्या हाती दोन्ही फुटक्या आल्या...

माझ्या तोंडातून "फुटक्या" निघालं आणि मामीचा चेहरा पाहिला तेव्हा मला समजलं मी काय केलं. लग्नाच्या घरात, नवरीच्या हातातली बांगडी काढून, नवऱ्या मुलासमोर, फुटकी फुटकी करत बसले होते. मामीनं बांगड्या हिसकून घेतल्या. "आन इकडं! आमची पोरगी अजून बोहल्यावर नाई चढली, अन् तू तिचा हात मोकया करून राह्यली?"

मामा आतून आले. माझी वही मांडीवर होती. त्यांनी ती मिटली, हळूच, आणि माझ्या हातात दिली. "बाई, तू शीक. खूप शीक. पन आमच्यावर नोको शिकू."

मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

प्रीती फाटकापर्यंत आली. म्हणाली, मी तपासायला तयार आहे, पण बाबांच्या मागून नाही करणार. नागसेनदादा म्हणाला, नको करू. मग दोघं तिथंच उभे राहिले, आणि मी उगाच चपलेची पट्टी लावत बसले.

आता तुझ्यासाठी. २२ तारखेला सांगवीच्या दवाखान्यात सिकलसेल तपासणीचं पथक येणार आहे, सगळ्यांसाठी. तुझी आईही त्याच आजीची पोरगी आहे. तू दर वेळी हसून टाळतोस. निदान तू तरी जा. आणि जमलं तर एकदा मामाकडं. मला तिथं तोंड नाही, तुला तर नव्हतंच कधी, म्हणून तुलाच जमेल.

लग्नाला पंधरा दिवस आहेत.

साक्षी


सांगवी, दवाखान्याचा बाक
२२ जानेवारी २०२५

साक्षी,

तुझं पत्र काल मिळालं आणि आज उत्तर लिहून राह्यलो. हे जपून ठेव, पुन्हा होणार नाही.

आधी माझं सांगतो. सकाळी दहालाच येऊन बसलो. पथकात एक नर्सताई आहेत आणि लॅबचा कुलदीप म्हणून पोरगा आहे. मी विचारलं, बोट टोचता ते कोणतं, आणि हेच काऊन? तर म्हणाला, बाबू, तूच पहिला आहेस, तूच पत्रकार झाला का? नळी पाच मिनिटं ठेवली. मी घड्याळाकडं पाहिलं नाही, भिंतीवर पाल होती तिच्याकडं पाहिलं. मग कुलदीपनं कार्ड धरलं. रेघा दिसल्या, साक्षी. स्वच्छ. एकेक मोजता आली. माझ्यात नाही.

तुला खरं सांगू का? थोडं वाईट वाटलं. तू, नागसेन, गौतमी, भारत, सगळे एका बाजूला आणि मी एकटाच बाहेर. कुलदीपला म्हटलं, पुन्हा पाहता का? तो म्हणाला, लोक नाही निघालं म्हणून पेढे वाटतात, तू रडून राह्यला?

आता मामाचं. काल दुपारी मी गेलो. मामा टाकीपाशी एकटेच होते, वॉलची चावी फिरवत होते. मी लांबूनच म्हटलं, "मामा, मी चुकीचं सांगतलं होतं. अर्धी कावीळ असं काही नसते. नागसेन बिमार नाई. मले समजलंच नव्हतं, अन् मी सांगाले गेलो."

"आता समजलं?"

"अर्धं."

मामा हसले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. पाणी गळत होतं, जमीन ओली होती. मी काडी घेतली आणि नुसती नावं घेत तक्ता काढला. बांगड्या नाही, कार्ड नाही. वर आजा चौकोन, आजी गोल. खाली पाच. मामाचा चौकोन, मग गौतमीचा गोल, मग भारतचा चौकोन, मग आशामावशी, मग माझी आई. आजा आणि आजी अर्धे चिखलानं भरले, म्हणजे वाहक. गौतमी पूर्ण भरली. भारत पूर्ण भरला. मामाचा रिकामा ठेवला.

मामा उभ्यानंच पाहत होते. चावी हातातच. म्हणाले, "हे आबाकडून अन् मायकडून, दोघायकडून आलं?"

"हो. कोनाचीच चूक नाई. त्यायले मालूमच नव्हतं."

"मले वाटे म्या सावकाश पळालो."

एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मामा, बस येळेवर आली असती तरी..." मामांनी माझ्या हातातली काडी घेतली आणि आपल्या रिकाम्या चौकोनाला टेकवली. "अन् हे असंच काऊन ठेवलं?"

"तुमचं मालूम नाई ना. तपासल्याबिगर कसं भरू?"

मग पाणी यायची वेळ झाली, बाया घागरी घेऊन आल्या, मामांनी पायानं सगळं पुसलं आणि वॉल सोडला. रात्री आजीनं मला तिथं जेवायला बोलावलं, मामीनं ताट वाढलं, बस. म्हणून काही झालं असं लिहिता येत नाही. मी सांगितलं, एवढंच.

आता तीन वाजले. इतका वेळ बाकावर बसून पाहतो आहे, गावातली नऊ माणसं आली. एक म्हातारी रक्त द्यायला आली आणि दात दाखवून गेली. अंगणवाडीच्या ताईनं चार पोरांना आणलं, त्यातला एक टोचायच्या आधीच रडला, टोचलं तेव्हा थांबला, आणि पट्टी चिकटवली तेव्हा परत रडला. पट्टीचं काय दुखतं? हे विचारून ठेव मॅडमना. प्रीती आली नाही. नर्सताई म्हणतात चारला सामान आवरणार, पुढचं पथक मार्चमध्ये. मार्चमध्ये म्हणजे लग्नानंतर. मी त्यांना दोनदा चहा पाजला की जरा वेळ काढतील, पण चहावर किती...

थांब जरा. फाटकापाशी सायकल आली.

साक्षी, देवाजी मामा आले आहेत. एकटेच. सायकल भिंतीला नीट लावली, धुतलेला शर्ट घातला आहे, आणि बाही फाटकापासूनच वर करत येऊन राह्यले. माझ्याकडं पाहिलं नाही. सरळ नर्सताईसमोर उभे राहून विचारतात, "पयले बापाचं घेता येते काय? पोरगी साडेचारच्या बसनं येते, तिले म्या इकडंच उतराले सांगतलं हाये. तवर बंद नोका करू."